जपानच्या लिलावातून ब्रिटनच्या रस्त्यावर: स्कायलाइन जीटी-आर आर३२ कशी घ्यावी, कशी घडवावी

भारतात तीन वर्षांहून जुनी वापरलेली गाडी सर्वसाधारण नियमांनुसार आयात करता येत नाही. त्यामुळे पुण्या-मुंबईच्या कित्येक पोरांचं स्कायलाइनचं वेड पोस्टरपुरतंच राहिलं. नोकरीसाठी ब्रिटनला आलेल्या मराठी माणसाला मात्र ही वाट मोकळी आहे. जपानसारखीच इथेही वाहतूक डावीकडून चालते आणि स्टिअरिंग उजवीकडे असतं, त्यामुळे हेडलाइटचा झोतसुद्धा बदलावा लागत नाही. दहा वर्षांहून जुन्या गाडीला इथली प्रकार-मंजुरीची चाचणीही लागत नाही. स्लाव, हॅरो किंवा मिल्टन कीन्समध्ये राहून ज्यांच्या मनात हा विचार घोळतोय, त्यांच्यासाठी पहिल्या चौकशीपासून शेवटच्या ट्यूनिंगपर्यंतचा क्रम इथे मांडतो आहे.

मी एकच गाडी धरून लिहितो: निसान स्कायलाइन जीटी-आर, आर३२. सुप्रा, आरएक्स-७, इम्प्रेझा, एव्हो या सगळ्या मला आवडतात, पण प्रत्येकीचं दुखणं वेगळं आहे. सगळ्यांबद्दल थोडंथोडं सांगून कोणाचंच काम होणार नाही.

आर३२ ऑगस्ट १९८९ मध्ये आली आणि १९९४ पर्यंत बनत राहिली. २५६८ सीसीचं, सहा सिलिंडरचं, दोन टर्बोंचं आरबी२६डीईटीटी इंजिन. कागदावर २८० पीएस (अश्वशक्ती). त्या काळी जपानी कंपन्यांनी आपसांत ठरवलेली मर्यादाच तेवढी होती, प्रत्यक्षात इंजिन त्याहून जास्त ताकद देतं. ऑस्ट्रेलियात १९९१ आणि १९९२ ला या गाडीने बाथर्स्टची शर्यत जिंकली. जपानच्या टूरिंग कार स्पर्धेत १९९० ते १९९३ या चार हंगामांतल्या २९ पैकी २९ शर्यती तिच्याच नावावर आहेत. इतकी ताकद पोटात घेऊन आलेल्या गाडीच्या मागे लागताना माणूस ताकदीचाच विचार आधी करतो. माझं सांगणं नेमकं उलट आहे. मिळेल तितकी मूळ अवस्थेतली गाडी घ्या, पहिलं वर्ष तिच्या तब्येतीवर खर्च करा आणि ताकद सगळ्यांत शेवटी वाढवा. याची पहिली कारणं भावनेची नाहीत, पैशाची आहेत.

मूळ अवस्था म्हणजे थेट पैसे

ब्रिटनमध्ये जपानी गाडी आणताना सर्वसाधारणपणे १० टक्के सीमाशुल्क आणि त्यावर २० टक्के व्हॅट लागतो. जपानशी झालेल्या व्यापार करारामुळे शुल्क कमी होऊ शकतं, पण त्यासाठी गाडी मूळ जपानी बनावटीची असल्याचा ठरावीक पुरावा द्यावा लागतो आणि जुन्या गाडीसाठी तो मिळवणं कटकटीचं असतं.

दुसरी वाट संग्राह्य वाहनाची. गाडी किमान ३० वर्षं जुनी, तिचं उत्पादन बंद झालेलं, आणि चासी, बॉडी, इंजिन, स्टिअरिंग, ब्रेक, सस्पेन्शन यांत मोठे बदल न होता मूळ अवस्थेत असेल, तर सीमाशुल्क शून्य आणि व्हॅट फक्त ५ टक्के. शेवटच्या आर३२ नेही आता तिशी ओलांडली आहे, म्हणजे वयाची अट सगळ्याच पुऱ्या करतात.

समजा गाडी, जहाजभाडं आणि विमा मिळून ३५,००० पौंड झाले. नेहमीच्या वाटेने ३,५०० पौंड शुल्क आणि ३८,५०० वर २० टक्के व्हॅट म्हणजे ७,७००. एकूण ११,२०० पौंड. संग्राह्य वाहन म्हणून तेच १,७५० पौंडांत भागतं. साडेनऊ हजारांच्या आसपास फरक पडला. मोठा टर्बो, परके ब्रेक, कॉइलओव्हर (उंची बदलता येणारं सस्पेन्शन) बसवलेली गाडी लिलावात स्वस्तात पटकावली असं वाटतं, पण कस्टमने ती मूळ अवस्थेत नाही असं ठरवलं तर ती स्वस्ताई बंदरातच विरघळते. म्हणून बोली लावण्याआधीच गाडीचे फोटो आणि बदलांची यादी तुमच्या कस्टम एजंटला दाखवा आणि तो कोणत्या वर्गात अर्ज करणार ते लेखी घ्या.

लिलावाचा कागद वाचायला शिका

जपानमधल्या जुन्या गाड्यांचा मोठा व्यवहार लिलावघरांतून होतो. चिबा प्रांतातल्या नोदा इथलं यूएसएस टोकियो हे त्यातलं सगळ्यांत नावाजलेलं, तिथे दर गुरुवारी लिलाव असतो. सामान्य माणसाला तिथे थेट बोली लावता येत नाही, सभासद असलेल्या एजंटमार्फतच जावं लागतं. एजंटकडून दलाली, जपानमधली अंतर्गत वाहतूक, कागदपत्रं आणि बंदरापर्यंतचा खर्च हे सगळं वेगवेगळं मांडून मागा. "सगळं मिळून इतके" असं म्हणणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नका.

प्रत्येक गाडीबरोबर लिलावघराच्या तपासनिसाने भरलेला कागद असतो. त्यावर एकूण श्रेणी असते: ५, ४.५, ४, ३.५, ३ अशी उतरत जाणारी. शिवाय आर किंवा आरए म्हणजे सांगाड्याची दुरुस्ती झालेली गाडी. आतल्या भागाला ए, बी, सी, डी अशी वेगळी श्रेणी. खाली गाडीचं रेखाचित्र, आणि त्यावर अक्षरं व आकडे: ए म्हणजे ओरखडा, यू म्हणजे पोचा, बी म्हणजे ओरखड्यासह पोचा, डब्ल्यू म्हणजे दुरुस्तीनंतर राहिलेली लाट, एस म्हणजे गंज, सी म्हणजे कुजलेला पत्रा, डबल एक्स म्हणजे बदललेला भाग. पुढचा आकडा जितका मोठा तितकं नुकसान जास्त. ए१ आणि यू१ तिशी ओलांडलेल्या गाडीवर असणारच, त्याने बिचकू नका. पण एस किंवा सी दिसला की थांबा आणि पूर्ण भाषांतर मागवा.

खरी माहिती तपासनिसाच्या हस्ताक्षरातल्या शेऱ्यांत असते. 'साबी' म्हणजे गंज, 'फुशोकू' म्हणजे गंजून कुजणं, 'शिता-मावारी' म्हणजे गाडीचा खालचा भाग, 'शागाई' म्हणजे कंपनीबाहेरचा सुटा भाग, 'शूफुकु-रेकी' म्हणजे सांगाड्याच्या दुरुस्तीचा इतिहास. एजंट हे शेरे दोन शब्दांत उरकतो, म्हणून त्रयस्थ भाषांतरकाराला थोडे पैसे द्या. एका कागदाच्या भाषांतराचा खर्च गाडीच्या किमतीपुढे नगण्य आहे.

आर श्रेणीबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. पुढचा रेडिएटर धरणारा पत्रा बदललेला असला तरी जपानी नियमात तो सांगाड्याच्या दुरुस्तीत मोडतो. अशी गाडी, नीट केलेली आणि बाकी निरोगी असेल, तर साडेतीन श्रेणीच्या गंजक्या गाडीपेक्षा मी ती केव्हाही घेईन. पण चासीच्या लांब पट्ट्या, खांब किंवा मागचा फ्लोअर दुरुस्त झालेला असेल तर नाही. नेमका कोणता भाग दुरुस्त झाला ते कागदावर लिहिलेलं असतंच, तेच वाचायचं.

गाडी कुठून आली तेही विचारा. होक्काइदो, तोहोकू, नीगाता हा बर्फाचा पट्टा आहे. तिथल्या रस्त्यांवर हिवाळ्यात बर्फ वितळवणारं मीठ पडतं आणि ते पत्र्याच्या शिवणींत जाऊन बसतं.

प्रत्यक्ष तपासणी: पत्रा आधी, इंजिन नंतर

बोली लावण्याआधी लिलावाच्या आवारात माणूस पाठवून तपासणी करून घेता येते. आधीच ब्रिटनमध्ये आलेली गाडी घेत असाल तर स्वतः जा, आणि तिचा एमओटीचा (दरवर्षीच्या सक्तीच्या तपासणीचा) इतिहास सरकारी संकेतस्थळावर फुकट वाचा. दरवर्षीच्या शेऱ्यांत "गंज" हा शब्द कधी पहिल्यांदा आला आणि पुढच्या वर्षी तो कुठवर पसरला, हे पाहिलं की विक्रेत्याला विचारायचे प्रश्न आपोआप सुचतात.

इंजिन महागडं असलं तरी ते काढून नवं करता येतं. कुजलेली चासी नीट करणं त्याहून जास्त वेळ आणि पैसा खातं, म्हणून तपासणी पत्र्यापासून सुरू करा. बॉनेट उघडून पुढच्या दोन्ही सस्पेन्शन टॉवरची वरची बाजू पाहा. तिथल्या सीलंटखाली फुगवटा असेल तर आत गंज आहे. जॅक लावायच्या जागेवरच्या सिल्सच्या (दारांखालच्या पट्ट्यांच्या) कडा चेपलेल्या आहेत का, मागच्या चाकांच्या कमानींच्या आतल्या बाजूला बोटाने चाचपल्यावर पापुद्रे निघतात का, समोरच्या काचेचा खालचा कोपरा कसा आहे, हे बघा. आर३२ जीटी-आरची बॅटरी मागे बूटमध्ये असते. जुन्या बॅटरीतून सांडलेल्या ॲसिडने खालचा पत्रा खाल्लेला असतो, म्हणून कार्पेट उचला.

एक लोहचुंबक खिशात ठेवा. जीटी-आरचं बॉनेट आणि पुढची मडगार्डं ॲल्युमिनियमची आहेत, त्यांना चुंबक चिकटायला नको. चिकटलं तर ते भाग बदललेले आहेत, किंवा गाडी मुळात जीटीएस-टी या साध्या स्कायलाइनवर जीटी-आरचं रूप चढवलेली आहे. उरलेल्या लोखंडी पत्र्यावर चुंबक कुठे सैल पडलं तर तिथे पुटी भरलेली आहे. फायरवॉलवरच्या पट्टीवर आणि ठोकलेल्या चासी नंबरात बीएनआर३२ हीच अक्षरं हवीत.

इंजिन थंड असताना पाहायचा आग्रह धरा. विक्रेत्याने आधीच गरम करून ठेवलं असेल तर कारण विचारा. सुरू करताना निळसर धूर, टॅपेटचा सततचा आवाज, कूलंटच्या टाकीत तेलकट साय, यांपैकी काहीही दिसलं की पुढे जाऊ नका. गरम झाल्यावर आयडलवर ऑइल प्रेशरचा काटा कुठे राहतो ते बघा. या गाडीचा प्रेशर सेन्सर वयोमानाने खोटं बोलतो, म्हणून काटा फार खाली दिसल्यास यांत्रिक गेज लावून खातरजमा करून घ्या.

कम्प्रेशन टेस्टशिवाय (सिलिंडरमधला दाब मोजल्याशिवाय) आरबी२६ घेऊ नका. चांगल्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला साधारण १७० पीएसआय मिळतं. १२८ च्या खाली गेलं तर इंजिन खोलायची वेळ आली आहे, आणि सिलिंडरांमधला फरक १४ पीएसआयपेक्षा जास्त नसावा. सहाही आकडे थोडे कमी पण सारखे असतील तर ते वय आहे. पाच सारखे आणि एक बराच खाली असेल तर ती बिघाडाची खूण.

रस्त्यावर नेल्यावर तिसऱ्या-चौथ्या गिअरला कडकडाट होतो का ते ऐका, कारण या पाच गिअरच्या गिअरबॉक्सचे सिंक्रो तिथेच आधी झिजतात. डॅशवर पुढच्या चाकांकडे जाणारा टॉर्क दाखवणारा काटा असतो. ओल्या रस्त्यावर, मोकळ्या जागी, वळणातून बाहेर पडताना जरा जोरात ॲक्सिलरेटर दिला की तो हलायला हवा. हलला नाही, किंवा फोर-व्हीलचा दिवा पेटला, तर अटेसा या फोर-व्हील ड्राइव्ह प्रणालीत काम आहे. कधी ते फक्त हवा काढण्याइतकं सोपं असतं, कधी पंपच जातो. भाव करताना पंप गेला असंच धरून चला.

जहाज, कागद, नंबर

खरेदी झाली की जपानमधली नोंदणी रद्द करून निर्यात प्रमाणपत्र काढलं जातं. हा कागद जिवापाड जपा, इंग्रजी भाषांतरासह. गाडीचं वय ठरवायला तो लागतो, आणि त्यावर शाकेन या सक्तीच्या तपासणीत नोंदलेलं अंतरही सापडतं. मीटरवरच्या किलोमीटरशी ते ताडून पाहा.

रोरो जहाजात गाडी चालवत चढवतात. ते स्वस्त पडतं, पण आत सुटे भाग ठेवता येत नाहीत. सुट्या भागांसह आणायची असेल किंवा गाडी फारच जपायची असेल तर कंटेनर घ्या. प्रवासाला दीड-दोन महिने धरा, तांबड्या समुद्राऐवजी आफ्रिकेला वळसा घालून आलं तर त्याहूनही जास्त. सागरी विमा न चुकता काढा.

गाडी ब्रिटनमध्ये पोहोचल्यापासून १४ दिवसांत महसूल खात्याला नोव्हा नावाची सूचना द्यावी लागते. ती झाल्याशिवाय डीव्हीएलए (वाहन नोंदणी खातं) नंबर देत नाही. मग एमओटी, त्यानंतर व्ही५५/५ फॉर्म, ५५ पौंड नोंदणी शुल्क आणि रोड टॅक्स. एमओटीआधी दोन कामं करायची असतात. पहिलं, मागचा फॉग लॅम्प. जपानी गाडीला तो बहुधा नसतो, इथे तो मध्यभागी किंवा ड्रायव्हरच्या बाजूला लागतो. दुसरं, स्पीडोमीटर मैलांत. नुसती स्टिकरची चकती चिकटवण्यापेक्षा चांगला कन्व्हर्टर बसवा, नाहीतर पुढे गाडी विकताना मीटरवरचा आकडा मैल की किलोमीटर यावर वाद होतो. रेडिओचंही सांगून ठेवतो: या काळातले जपानी एफएम रेडिओ ७६ ते ९० मेगाहर्ट्झवर चालतात, त्यामुळे इथली बहुतेक केंद्रं लागत नाहीत. छोटा बँड एक्स्पँडर बसवला की काम होतं, मूळ रेडिओ काढून टाकू नका.

नंबर यायच्या आधीच विम्याची व्यवस्था हवी. जपानी चासी नंबर १७ अंकी नसल्यामुळे विम्याची बहुतेक संकेतस्थळं तो स्वीकारत नाहीत. आयात गाड्यांचा विमा करणाऱ्या दलालाला फोन करा आणि "ठरलेल्या किमतीची" पॉलिसी मागा. म्हणजे गाडी चोरीला गेली तर रक्कम आधीच ठरलेली असते. चांगला ट्रॅकर बसवलात तर हप्ता कमी होतो, आणि या गाड्या चोरांच्याही यादीत असतात.

लंडनमध्ये राहत असाल तर एक खर्च आधीच समजून घ्या. २९ ऑगस्ट २०२३ पासून लंडनचे सगळे बरो यूलेझमध्ये (जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांवर शुल्क लावणाऱ्या क्षेत्रात) आहेत. आर३२ त्या निकषात बसत नाही, त्यामुळे गाडी बाहेर काढली की दिवसाला १२.५० पौंड. चाळीस वर्षांची झाल्यावरच सूट मिळते. हॅरोत राहून रविवारीच चालवणाऱ्याला हे परवडतं, पण रोज ऑफिसला न्यायचा विचार असेल तर गाडी वेगळी घ्या.

पहिले सहा महिने: तब्येत

गाडी दारात आली की हात बूस्ट (टर्बोचा दाब) वाढवायला शिवशिवतात. तेव्हा सगळ्यांत आधी गाडी लिफ्टवर चढवा आणि खालून धुऊन, वाळवून, शिवणींत आणि पोकळ्यांत कॅव्हिटी वॅक्स मारून घ्या. जपानमधल्या गाड्यांना युरोपीय गाड्यांइतकं अंडरसील नसतं, आणि ब्रिटनच्या रस्त्यांवर हिवाळाभर मीठ पडतं. एक हिवाळा उघड्या पत्र्यावर गेला तर जपानमध्ये तीस वर्षं टिकलेली चासी इथे झपाट्याने खराब होते. मला विचाराल तर या गाडीवरचा सगळ्यांत शहाणपणाचा खर्च हाच.

त्यानंतर सगळी द्रवं: इंजिन ऑइल, कूलंट, ब्रेक फ्लुइड, गिअरबॉक्स, ट्रान्स्फर बॉक्स, पुढचा-मागचा डिफरन्शियल (मागच्याला एलएसडी म्हणजे लिमिटेड-स्लिप प्रकारचं ऑइल), अटेसाचं तेल हवा काढून. टायमिंग बेल्ट कधी बदलला याचा लेखी पुरावा नसेल तर तो बदललेलाच नाही असं धरा. मुदत १,००,००० किलोमीटरची आहे. त्याच वेळी टेन्शनर, वॉटर पंप आणि पुढची सीलं बदला, कारण तिथवर पोहोचण्याची मजुरी एकदाच द्यायची असते. जुने रबरी होज, व्हॅक्यूमच्या बारीक नळ्या आणि सस्पेन्शनचे बुश यांनीही तीस वर्षं काढली आहेत. तेही या यादीत घ्या.

आरबी२६ अडखळायला लागलं की लोक टर्बोवर शंका घेतात. बहुतेकदा दोष कॉइल पॅक, त्यांची वाळून ठिसूळ झालेली वायरिंग किंवा एअरफ्लो मीटरच्या आतल्या तडकलेल्या सोल्डरमध्ये निघतो. मीटर पुन्हा सोल्डर करणं स्वस्त आहे, आधी तेच करून बघा.

टायरच्या बाबतीत तडजोड नाही. अटेसा चारही चाकांच्या वेगातला फरक मोजून टॉर्क वाटते. त्यामुळे चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच आकाराचे आणि साधारण सारख्या झिजेचे हवेत. दोन नवे, दोन जुने असं केलं तर प्रणाली गोंधळते आणि ट्रान्स्फरचे क्लच विनाकारण झिजतात.

पेट्रोल नेहमी ९९ ऑक्टेनचं ई५ (कमी इथेनॉलचं). जपानमध्ये ही गाडी १०० ऑक्टेनवर चालवतात, त्यामुळे इथल्या ९५ वर नॉकिंगचा (पेट्रोल अवेळी पेटण्याचा) धोका आहे. शिवाय ९५ चं पेट्रोल आता ई१० असतं, त्यातलं इथेनॉल जुन्या रबरी नळ्यांना सोसत नाही.

सुट्या भागांची चिंता पूर्वीइतकी राहिलेली नाही. निसानने डिसेंबर २०१७ मध्ये निस्मो (निसानचा रेसिंग विभाग) हेरिटेज योजना आर३२ पासूनच सुरू केली आणि बंद झालेले बरेच भाग पुन्हा बनवायला घेतले. महाग आहेत, पण मिळतात. काढलेला प्रत्येक मूळ भाग जपून ठेवा.

आता ताकद

क्रम असा ठेवा: आधी मोजमाप, मग थंडावा, मग ब्रेक, आणि त्यानंतर इंजिन.

वाइडबँड लॅम्बडा (हवा-पेट्रोलचं प्रमाण मोजणारा सेन्सर), खात्रीचा बूस्ट गेज, ऑइल टेम्परेचर आणि प्रेशर हे चार आकडे डोळ्यांसमोर असल्याशिवाय बूस्टला हात लावू नका. मग जाड रेडिएटर आणि ऑइल कूलर. ब्रेकमध्ये साध्या आर३२ च्या पुढच्या डिस्क २९६ मिलिमीटरच्या आहेत आणि दीड टनाच्या आसपासच्या गाडीला त्या कमी पडतात. पॅड, नवं फ्लुइड आणि स्टीलच्या जाळीचे होज यांनी सुरुवात करा. त्याने भागलं नाही तर व्ही-स्पेक (आर३२ चीच वरची आवृत्ती) किंवा आर३३ (पुढची पिढी) यांचे ३२४ मिलिमीटरचे ब्रेम्बो बसवा, मात्र त्यांना १७ इंची चाकं लागतात. कॉइलओव्हर घेताना जपानी ट्रॅकसाठीची कडक सेटिंग टाळा. इथल्या ग्रामीण रस्त्यांच्या खडबडीवर कडक गाडी उसळते आणि पकड सोडते. मऊ स्प्रिंग आणि चांगला डॅम्पर यांनी तीच गाडी जास्त वेगात वळते.

इंजिनात पहिली मर्यादा टर्बोची. मूळ टर्बोंच्या एक्झॉस्टकडच्या चक्रांचं मटेरियल सिरॅमिक आहे. बूस्टच्या नळीतला बारीक रिस्ट्रिक्टर काढला की बूस्ट १ बारच्या जवळ जातो आणि गाडी एकदम जिवंत वाटते. पण १ बारच्या पुढे ही चक्रं शाफ्टवरून सुटतात, आणि त्यांचे तुकडे उलटे इंजिनात गेले तर सगळंच संपतं. तीस वर्षांच्या सिरॅमिक टर्बोवर मी तो रिस्ट्रिक्टर जागेवरच ठेवीन. बूस्ट हवाच असेल तर स्टीलच्या चक्रांचे टर्बो घ्या. गॅरेट २८६०-५ किंवा एचकेएसचे जीटी-एसएस घराण्यातले टर्बो मूळ जागी बसतात.

टर्बोबरोबर मोठा फ्युएल पंप, गरजेनुसार इंजेक्टर (मूळचे साधारण ४४० सीसीचे आहेत) आणि प्रोग्रॅम करता येणारा ईसीयू (इंजिनाचा संगणक). लिंक किंवा हॉलटेकचे मूळ सॉकेटात बसणारे ईसीयू मिळतात. मॅप सेन्सर (हवेचा दाब मोजणारा) वापरला की म्हातारे एअरफ्लो मीटरही निघतात. क्लच मागवताना गाडीचं साल नक्की बघा: १९९३ च्या सुमारास पुश प्रकारचा क्लच जाऊन पुल प्रकारचा आला, आणि एकाचा किट दुसऱ्याला बसत नाही. एक्झॉस्ट बदलताना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर ठेवा. एमओटीच्या धुराच्या मर्यादा गाडीच्या सालानुसार बदलतात, पण कॅट असला की कोणत्याही सालाची गाडी निर्धास्त राहते आणि चांगल्या हाय-फ्लो कॅटने ताकद फारशी जात नाही.

दुसरी मर्यादा ऑइल पंपाची, आणि इथे कित्येक इंजिनं गेली आहेत. आर३२ च्या क्रँकचा पंपाला फिरवणारा भाग अरुंद आहे. रेव्ह लिमिटरवर (आरपीएमच्या कमाल मर्यादेवर) सतत आदळलं, किंवा ताकद वाढवून वरच्या आरपीएमवर फार वेळ ठेवलं, की पंपाचं आतलं गिअर तडकतं. ऑइल प्रेशर क्षणात शून्य होतं आणि बेअरिंगं जातात. इलाज म्हणजे क्रँकवर रुंद कॉलर आणि मजबूत गिअरचा पंप. पण या गाडीत पुढचा डिफरन्शियल इंजिनाच्या संपलाच (तळाच्या ऑइलच्या भांड्यालाच) जोडलेला असल्यामुळे हे काम प्रत्यक्षात इंजिन बाहेर काढूनच होतं, आणि कॉलरसाठी क्रँकही काढावा लागतो. म्हणून दोनच मार्ग उरतात. इंजिन खोलायचं नसेल तर ताकद ४०० बीएचपीच्या आसपास ठेवा आणि लिमिटरला कधीही शिवू नका. त्यापुढे जायचं असेल तर इंजिन उतरवा आणि पंप, कॉलर, बेअरिंग, फोर्ज्ड पिस्टन, हेड गॅस्केट, संपचे बॅफल हे सगळं एकदम करा. मधला मार्ग काढणाऱ्यांना शेवटी दोन्ही खर्च करावे लागतात.

रस्त्यावर चालवायच्या आर३२ ला ४०० बीएचपी भरपूर आहेत. गिअरबॉक्स टिकतो, टर्बो लवकर जागे होतात, आणि वेल्सच्या डोंगरात दिवसभर फिरून गाडी तितक्याच शांतपणे घरी येते.

शेवटचं ट्यूनिंग डायनोवर (ताकद मोजणाऱ्या यंत्रावर), तुम्ही नेहमी भरता त्याच ९९ ऑक्टेन पेट्रोलवर, आरबी इंजिनांचा अनुभव असलेल्या माणसाकडूनच करा. थंडीच्या दिवसात ट्यून केलं असेल तर उन्हाळ्यात गरम हवेत नॉकिंग तपासायला पुन्हा एकदा न्या. डायनोची शीट, बसवलेल्या प्रत्येक भागाची पावती आणि बदलांची पूर्ण यादी विमा कंपनीला पाठवा. न कळवलेला एक एक्झॉस्टसुद्धा दावा फेटाळायला पुरतो. बदल पॉलिसीत नोंदवल्याचं उत्तर लेखी हातात आल्यावरच गाडी रस्त्यावर काढा.